घेतलं म्हणेपर्यंत

सरांच्या हातून चहाचा कप घेणं सोपं नव्हतं. कप पुढं करून ते म्हणायचे, "दिला." नवखा माणूस साहजिकच कप धरायचा आणि ओढायचा. कप यायचा नाही. सरांचं बोट कपाच्या कानात तसंच अडकलेलं. पाहुणा आणखी जरा ओढायचा, चहा बशीत सांडायचा, आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "अहो, 'घेतला' म्हणा! त्याशिवाय सोडायचे नाहीत ते. परवा गॅसवाल्याला असंच दारात ताटकळत ठेवलंय." पाहुणा ओशाळून "घेतला" म्हणायचा आणि मग कुठं कप सुटायचा.

चहाचंच नव्हे, किल्ली असो, पेपर असो, नाहीतर दळणाचा डबा. देणाऱ्यानं "दिलं" म्हणायचं, घेणाऱ्यानं "घेतलं" म्हणायचं, आणि ते ऐकू येईपर्यंत देणाऱ्यानं वस्तू सोडायची नाही. गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या चाचांनी हे खेळीमेळीनं घेतलं होतं. "हौ साब, भेंडी दिया." "घेतली." "कोथमीर बी दिया." "घेतली." एकदा उन्हानं वैतागून चाचा म्हणाले, "क्या साब, भाजी दे रौं के बेटी दे रौं?" मी वरच्या गच्चीतून खो खो हसले. सर हसले नाहीत. या एका बाबतीत ते कधीच हसायचे नाहीत.

आणि मला तर त्यांनी खरोखरच असं घेतलं होतं.

आमचं गाव वैजापूरच्या बाजूला. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि शिकायचं म्हणून हटून बसलेली मी एकटी. कॉलेजसाठी खोली बघायला आण्णा माझ्याबरोबर शहरात आले. सिडकोतल्या सरांच्या घरावर एक खोली होती आणि ती ते मुलींनाच देत. बोलणं झालं, भाडं ठरलं, आणि निघताना आण्णा हात जोडून म्हणाले, "साहेब, लेकरू पयल्यांदाच घराभाईर पडलंय. तुमच्या हवाली करतो बघा."

सर खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "दिली म्हणा."

"आं?"

"मुलगी दिली, असं म्हणा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. "दिली कशी म्हनू साहेब? लगीन हाय का?"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "म्हणून टाका हो भाऊ. नाहीतर आज आपल्यापैकी कुणी जेवायचं नाही."

"बरं. दिली," आण्णा जमिनीकडं बघत पुटपुटले.

"घेतली," सर म्हणाले. मोठ्यानं, स्वच्छ, भिंतीपलीकडच्या माणसालाही ऐकू जावं असं.

बस स्टँडवर एसटीत चढता चढता आण्णा मला म्हणाले, "मानूस लई चांगला हाय. पर जरा येगळाच हाय. तू आपली रातीला आतून कडी लावत जा."

सर हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले होते. दारावरची पाटी वाचून लोकांना वाटायचं, हे विमान चालवत असणार. गणपतीत कॉलनीची मुलं त्यांना बक्षीस समारंभाला बोलवायची आणि माइकवरून सांगायची, "लढाऊ वैमानिक म्हणून ज्यांनी देशाची सेवा केली..." सर तिथल्या तिथं उठून दुरुस्ती करायचे. "मी आयुष्यात विमान चालवलेलं नाही. मी एका बंद खोलीत बसायचो." मुलांचे चेहरे पडायचे. पुढच्या वर्षी बोलावणं यायचं नाही, आणि सरांना त्याचं काही वाटायचं नाही.

ती बंद खोली म्हणजे काय, हे मला हळूहळू कळलं. लढाऊ विमानातल्या माणसाला समोरचं दिसतं तेवढंच दिसतं. शत्रू कुठून येतोय, आपला दुसरा गडी कुठं आहे, ढगाखाली डोंगर आहे की मैदान, हे जमिनीवर रडारच्या पडद्यासमोर बसलेला अधिकारी त्याला कानात सांगत असतो. डावीकडं वळ, इतकं खाली ये, आता परत फीर. विमान म्हणजे त्याच्या पडद्यावरचा एक ठिपका. तो ठिपका आपल्या हद्दीतून बाहेर जायला लागला की पुढच्या अधिकाऱ्याच्या हवाली करायचा, आणि पुढच्यानं तो घ्यायचा. सरांची सगळी नोकरी यात गेली.

निवृत्तीनंतरही त्यांनी एक विमान स्वतःकडं ठेवलं होतं. संध्याकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान. ते यायच्या वेळेला सर गच्चीवर जायचे. आवाज यायचा, दिवे दिसायचे, विमान घरांच्या मागं उतरायचं, आणि मग सर खाली येऊन ताटावर बसायचे. विमानाला उशीर झाला की जेवणाला उशीर. काकू कावायच्या. "त्या विमानातल्या लोकांना हे ठाऊक तरी आहे का, की एक म्हातारा इथं उपाशी उभा आहे त्यांच्यासाठी? ते उतरून हॉटेलात जेवतील सुद्धा!" सर वरूनच सांगायचे, "उतरू दे गं." एका पावसाळी दिवशी ते विमान रद्द झालं. हे सरांना सांगायची हिंमत काकूंना होईना. शेवटी त्यांनी मला वर पाठवलं.

मला वैमानिक व्हायचं होतं. गावात मेंढरांमागं फिरताना डोक्यावरून जाणारी विमानं बघून घेतलेलं वेड होतं ते. सरांनी माझी तयारी करून घेतली. लेखी परीक्षा, इंग्रजी बोलणं, ताठ बसणं, मुलाखतीत नजर न चुकवणं, सगळं. वैमानिकासाठी यंत्रावरची एक चाचणी असते आणि ती जन्मात एकदाच देता येते. ती मी नापास झाले. परत आले ती जिन्याच्या पायरीवरच बसले. वर खोलीत जायची ताकद नव्हती, गावाकडं फोन लावायचीही नव्हती. काकू शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सर दारात उभे राहून म्हणाले, "रडून झालं की आत ये. खुर्च्या मांडून ठेवतो."

आत गेले तर हॉलमध्ये खरंच खुर्च्या मांडलेल्या. एकामागं एक, दोन जेवणाच्या टेबलाच्या, एक प्लॅस्टिकची, एक वेताची, आणि शेवटी भिंतीला टेकून गादीची आरामखुर्ची.

"बस या पहिल्या खुर्चीवर. ही आमच्या रडारच्या खोलीतली सगळ्यात मागची. इथं नुसतं ऐकायचं. पुढं काम करणाऱ्याच्या पाठीकडं बघत वर्ष काढायचं. बोललीस की हाकलतील." मी बसले. "आता पुढची. इथं तुला माइक मिळतो, पण मागं एक जण बसलेला असतो आणि त्याचा हात बटणावर असतो. तू चुकलीस की तो तुझा आवाज बंद करून स्वतः बोलतो. लई अपमान वाटतो. वाटू द्यायचा." मग त्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला झाले. "इथं मागं कुणी नसतं. हीच नोकरी. बाकीचं सगळं नुसतं येणं-जाणं." वेताची खुर्ची म्हणजे दुसऱ्याच्या मागं बसून बटणावर हात ठेवायचा. आणि आरामखुर्चीकडं त्यांनी नुसतं बोट केलं. "ही बढतीची. इथं बसलं की पोरं सलाम करतात, फायली आणून देतात. माइक देत नाहीत."

"आणि त्याच्या पुढं?" मी विचारलं.

"पुढं घर. तुला तर आरामखुर्ची मिळेलच असंही नाही. मुलींना बहुतेक ठरलेल्या वर्षांपुरतंच घेतात, ती झाली की निरोप देतील. वैमानिक व्हायचं होतं आणि होता आलं नाही म्हणून आमच्याकडं आलीस, असंही लोक म्हणतील. मेससुद्धा वैमानिकांची, मैफलही त्यांची, पदकंही त्यांचीच. चालेल?"

काकू पोहे घेऊन आल्या. "पाहुणे आले की घरात बसायला खुर्ची सापडत नाही, आणि पोरीला घाबरवायला बऱ्या पाच सापडल्या!" त्यांनी बशी माझ्यापुढं धरली. डोळे पुसून मी "घेतली" म्हटलं. सर मान हलवून म्हणाले, "चालेल तिला."

मी त्यांच्याच शाखेत निवडले गेले. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला गच्चीवर बोलावलं. विमान उतरून गेलं होतं, तरी ते खाली जायला तयार नव्हते. कठड्यावर हात ठेवून, माझ्याकडं न बघता, त्यांनी ते सांगितलं.

त्या दिवशी त्यांच्या पडद्यावर बरीच विमानं होती आणि हवा बिघडत चालली होती. एक पोरगा, नुकतंच पहिलं पोस्टिंग झालेला, परतीला निघाला होता. सरांची हद्द संपत आली तशी त्यांनी त्याला पुढच्या अधिकाऱ्याकडं जायला सांगितलं.

"तो म्हणाला, जातो सर. मी म्हटलं, जा. आणि मी दुसऱ्या दोघांकडं वळलो. तिकडून कुणी 'घेतलं' म्हणालं का, याची वाट बघितली नाय मी. पोरगा स्वतः जातो म्हणाला, मला तेवढं पुरलं. तिकडच्याला वाटत होतं, तो अजून माझ्याकडंच आहे. मला वाटत होतं, तो तिकडं पोचला. तेवढा वेळ तो कुणाचाच नव्हता."

ढगात डोंगर होता. एवढंच पुढं ते बोलले.

चौकशी झाली. त्या वेळच्या नियमाप्रमाणं सरांची चूक नव्हती. निर्दोष म्हणून कागद मिळाला. मग त्या निर्दोष माणसाला हळूच माइकवरून उठवून सामानाच्या गोदामावर बसवलं गेलं. रडारसमोर बसणाऱ्यात ज्याच्या आवाजाला सगळे मानायचे, तो ब्लँकेटं आणि बुटांच्या पावत्यांवर सह्या करायला लागला. बढती मात्र वेळेवर मिळाली. "सरळ आरामखुर्चीत गेलो बघ," ते म्हणाले, आणि तेव्हा मला त्यांचा चहाचा कप आठवला, गॅसवाला आठवला, "घेतली" म्हणताना ताठ झालेली त्यांची मान आठवली. इतके दिवस या माणसाला मी विक्षिप्त समजून हसत होते याचं मला फार वाईट वाटलं.

ट्रेनिंगमध्ये, आणि नंतर पहिल्या पोस्टिंगवर, सरांचा फोन ठरलेला. "कितवी खुर्ची?" एवढंच विचारायचे. "पहिलीच, सर." पुढं कधीतरी "दुसरी, सर." ज्या दिवशी मागची खुर्ची रिकामी झाली आणि मी एकटी माइकवर बसले, त्या दिवशी मीच फोन केला. पलीकडं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काकूंनी फोन घेतला. "अगं, काय सांगितलंस त्यांना? गच्चीवर निघून गेले. आता तर विमान पण नाही यायचं!"

काकू गेल्या तेव्हा मी सुट्टीवर आले होते, हे नशीब म्हणायचं की नाही कोण जाणे. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती आणि ऑपरेशन तातडीचं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. तिथून पुढं आम्हाला जाता येणार नव्हतं. नर्सनं स्ट्रेचरची दांडी धरली, पण सरांची मूठ सुटेना.

"दिली," सर म्हणाले.

नर्स गोंधळली. मी खुणेनं तिला समजावलं. भली बाई होती. तिनं सरांच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "घेतली काका. आम्ही घेतली त्यांना. सोडा आता."

सरांनी लगेच सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तो आठवला तरी मला आज ओरडावंसं वाटतं. बाकावर ते निवांत बसले. मला म्हणालेसुद्धा, "तू जेवून ये. ती आता त्यांच्याकडं आहे."

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. सर रडले नाहीत. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "ती 'घेतली' म्हणाली होती ना? तू ऐकलंस?"

"ऐकलं, सर."

"मग?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. एवढी वर्षं त्या माणसानं एकच नियम धरून दिवस काढले होते. हा नियम त्या दिवशी पाळला असता तर तो पोरगा घरी आला असता, या एका समजुतीवर ते उभे होते. नियम पाळला, आणि काकू गेल्या.

त्यानंतर सरांनी "दिला" म्हणणं सोडलं. कप टेबलावर ठेवायचे आणि वळायचे. चाचा दारात हातगाडी लावून मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "साब, भेंडी दिया! दिया बोला मैं!" सर पिशवी उचलून आत जायचे. एका सुट्टीत चाचांनी मला विचारलं, "बेटा, साब नाराज हैं क्या हम पे?" संध्याकाळी विमान यायचं आणि सर खालीच बसलेले असायचे. जेवलेत की नाही, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मग विसरणं वाढलं. गॅस चालू राहिला. नळाला पाणी आलं त्या दिवशी टाकी भरून रस्त्यापर्यंत ओघळ गेला तरी त्यांना पत्ता नव्हता, आणि आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं ते शहरात राहणाऱ्यालाच ठाऊक. एकदा ते क्रांती चौकात सापडले, वाहनांच्या मधोमध वर बघत उभे. एका रिक्षावाल्यानं हाताला धरून कडेला आणलं आणि विचारलं, "किधर जाने का है बाबा?" सरांनी त्याला दिशा अंशांत सांगितली. बिचाऱ्यानं सरांच्या खिशातला फोन काढून शेवटचा नंबर लावला. तो माझा होता.

त्यांचा मुलगा परदेशात. वाईट माणूस नाही. फोनवर रडायचा. "मी बाबांना इकडं आणायला बघितलं, ते विमानात बसायलाच तयार नाहीत. माझी नोकरी सोडता येत नाही. मी काय करू, तूच सांग." मी म्हटलं, मी घेते त्यांना. म्हटलं खरं, पण माझं पोस्टिंग सीमेजवळचं, कुटुंब नेता येत नाही असं. त्यांना सांभाळायला म्हणून वरिष्ठांकडं बदली मागितली, पुन्हा मागितली. नियमात वडील बसतात, नवरा बसतो. सर बसत नाहीत. आण्णा म्हणाले, "हिकडं आन त्यान्ला, आमी संबाळू." सर गावात चार दिवस राहिले आणि पाचव्या पहाटे मेंढरांमागं चालत निघून गेले. दुपारी सापडले, पाय रक्ताळलेले. आण्णा फोनवर म्हणाले, "बाय, मला नाय झेपायचं. मेंढरं बगू का त्यान्ला बगू?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शेवटी मुलानं शेंद्र्याच्या पुढं एक वृद्धाश्रम शोधला. कारखान्यांच्या मागं, नवी इमारत, स्वच्छ. मी सुट्टी घेतली ती त्यांना तिथं पोचवण्यासाठी. काकूंची शाल बॅगेत घातली. गाडी जालना रोडनं निघाली. विमानतळाची भिंत आली तसे सर काचेला टेकून बघायला लागले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, "आजचं आलं का गं?"

"संध्याकाळी येतं, सर."

"मग जेवण थांबव," ते म्हणाले.

वृद्धाश्रमाच्या काउंटरवरचा माणूस घाईत होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं आमचे कागद चाळत होता. "आधारची झेरॉक्स? औषधांची चिठ्ठी? बरं, बसवा त्यांना तिथं." तिथं एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. सर बसले, तिच्या हातांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "ही कितवी?"

मी त्यांचा हात धरला आणि काउंटरपाशी उभी राहिले. सगळे कागद देऊन झाले होते. मी म्हटलं, "दिले."

"हां, मिळाले कागद," तो माणूस म्हणाला.

"कागद नाही. सर. सर दिले."

त्यानं मोबाइल कानापासून जरा लांब धरला. "काय म्हणता मॅडम?"

"तुम्ही फक्त 'घेतले' म्हणा. एवढं एकदा म्हणा."

"अहो, ॲडमिशन झालं ना त्यांचं. टेन्शन घेऊ नका, जा तुम्ही," असं म्हणत तो आत कुणाला तरी हाक मारायला गेला. मी वाट बघत राहिले. माझी रेल्वे संध्याकाळची होती, सुट्टी संपली होती, आणि माझ्या हातात सरांचा हात होता. वाटलं, असंच उभं राहावं, कुणीतरी म्हणेपर्यंत. वाटलं, बाहेर जाऊन त्यांना पुन्हा गाडीत बसवावं. पण गाडी कुठं न्यायची होती?

सर माझ्याकडं बघत होते. त्यांना किती कळत होतं, मला ठाऊक नाही. रिकाम्या काउंटरकडं त्यांनी एकदा बघितलं. मग, आण्णांसमोर उभं राहून बोलले होते तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात, ते स्वतःच म्हणाले, "घेतलं. जा तू."

आणि त्यांनी हात काढून घेतला.

हे म्हणायचं असतं पलीकडच्यानं. जो दिला जातो त्याच्या म्हणण्यावर सोडायचं नसतं, हे मला त्यांनीच गच्चीवर शिकवलं होतं. त्या पोराचं "जातो सर" त्यांना आयुष्यभर ऐकू येत राहिलं. तरी मी निघाले. दुसरं काही करण्यासारखं माझ्याजवळ उरलं नव्हतं.

आता ड्यूटीवर माझी हद्द संपत आली की पलीकडून "घेतलं" ऐकू येईपर्यंत मी एकही ठिपका सोडत नाही. वृद्धाश्रमात रोज फोन करते. कधी बाई उचलते, कधी कुणी पोरगा. ठीक आहेत म्हणतात. आत्ता जेवले म्हणतात. सरांना कुणी घेतल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.